दारिद्र्य आणि मुलाची बुद्धी
(मांजरी येथे प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले व्याख्यान)



१९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट याच मांजरीत आहे. उसाचे बेणे, माती आणि साखरेचा उतारा यांचा तेथे बारकाईने अभ्यास चालतो. पीक खुरटले तर जाणता शेतकरी केवळ बेण्याला दोष देत नाही; माती आणि पाणी तपासून पाहतो. वर्गातील मुलाच्या बाबतीत आपण हा विवेक पाळतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गात ऊसतोडणी कामगाराचा एक मुलगा होता. दिवाळीच्या सुमारास तो आईबापांबरोबर तोडीवर जाई आणि चैत्रात परत येई. वाचताना तो अडखळे; पाढे त्याला येत नसत. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘बुद्धी मंद’ असा शेरा लिहिला. पुढे एके दिवशी तोच मुलगा मुकादमासमोर बापाच्या उचलीचा हिशेब तोंडी करताना मी ऐकला. किती टन तोडले, किती फिटले, किती राहिले, हे त्याने बिनचूक सांगितले. चूक मुकादमाच्या वहीत निघाली. मुलाने तोवर शाळा सोडली होती. तो शेरा खोडण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

घरची मिळकत आणि मेंदूची वाढ यांचा संबंध आहे, हे आता शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. २०१५ साली अमेरिकेत ३ ते २० वर्षे वयाच्या १,०९९ मुलामुलींच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिळकत आणि मेंदूच्या बाह्यावरणाचे क्षेत्रफळ यांत संबंध आढळला. अत्यंत गरीब घरांत तर मिळकतीतील थोड्याशा फरकाबरोबरही मोठा फरक दिसला. परंतु ही सरासरीची गोष्ट आहे. तिच्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तविणे हे शास्त्र नव्हे.

दारिद्र्य मेंदूपर्यंत पोहोचते कोणत्या वाटेने? पहिली वाट अन्नाची. पाचव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. रक्तक्षय तर सुमारे ६९ टक्के लहान मुलांत आढळला. ज्याला लोह कमी पडते, त्याचे लक्ष धड्यावर टिकावे कसे?

दुसरी वाट चिंतेची. तामिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तेच शेतकरी, त्याच प्रकारच्या कसोट्या. ऊस जाण्यापूर्वी हात तंगीत असताना त्यांचे गुण कमी पडले आणि पैसा हाती आल्यावर वाढले. माणूस बदलला नव्हता. डोक्यावरचा भार उतरला होता. असा भार वाहणाऱ्या आईबापांना मुलाशी निवांत चार शब्द बोलावयास उसंत कोठून मिळावी? शब्दांची ही उपासमार हीच तिसरी वाट.

मग शिक्षकाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. जमैकात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास जात आणि घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, बोलावे, हे आईला शिकवीत. वीस वर्षांनंतर, ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा ही मुले सुमारे २५ टक्के अधिक कमावीत होती. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे हेच ओळखले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा मूळ विचार त्यांचाच होय.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली : ‘मंद’ हा शेरा कोठेही लिहू नये, मूल कशात अडते, एवढेच लिहावे. दुसरी : शाळेतले जेवण आणि लोहाची गोळी यांना पाठाइतकेच महत्त्व द्यावे, उपाशी आलेले मूल कोणते, हे हजेरी घेतानाच ओळखावे. तिसरी : रोज एक गोष्ट सांगावी आणि अबोल मुलाला प्रथम बोलते करावे, मग ते त्याच्या घरच्या बोलीत का असेना. चौथी : स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे; आणि आपल्या गावी फडावर आलेल्या मुलास दाखल्यावाचून परत पाठवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच त्याला तो अधिकार दिला आहे.

घरचे दारिद्र्य दूर करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. त्या दारिद्र्यावर आपल्या शेऱ्याची मोहोर उठवावयाची की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.