ताप लपवू नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावी होऊन तीस वर्षं झाली, तरी समोर बाई बसलेल्या असल्या की हातातला कागद थरथरतोच. बाई, आज वही तपासू नका. संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक आणि उद्याचं कोकण'. तो मी त्यांना विचारून बदलून घेतला. संगणकाबद्दल ऐकायला तुम्हाला तुमची मुलं आहेत. मला आज नगरसेवक आणि आपलं आरोग्य याबद्दल बोलायचं आहे. त्यात एक कबुली आहे, आणि ती इथेच, तुमच्यासमोर द्यायची माझी इच्छा होती.

मे २०२०. आम्ही ऐरोलीला राहतो. टाळेबंदीत दोन महिने काढले. इकडे जामसंड्यात बाबा एकटे होते आणि त्यांची साखर वाढलेली होती. ई-पास मिळाला तशी मी सात वर्षांच्या मुलाला घेऊन निघाले. पनवेल सोडलं आणि महाडच्या आसपास त्याचं अंग गरम लागलं. फार नाही, थोडंसं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की खारेपाटणच्या नाक्यावर आपल्याला परत पाठवतील. मी त्याला तापाचं औषध पाजलं. नाक्यावर रांगेत काही तास गेले, तोवर ताप उतरला होता. विचारलं तेव्हा मी सांगितलं, ताप नाही, खोकला नाही, काही नाही. हातावर शिक्का बसला आणि आम्ही पुढे आलो.

वाडीतल्या मराठी शाळेत आम्हाला चौदा दिवस ठेवलं. एक वर्ग, दोन गाद्या, फळ्यावर मार्च महिन्यातली तारीख तशीच. ज्या काकी दर वर्षी मला कलमाचे आंबे बांधून द्यायच्या, त्या रस्त्याच्या पलीकडून तोंडाला पदर लावून गेल्या. मला राग आला. चाकरमानी गणपतीला हवेत, देवळाच्या वर्गणीला हवेत आणि आता नकोत, असं मी मनात खूप बोलून घेतलं. पण त्या काकींना वाटत असलेली भीती खोटी नव्हती, हे त्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर आमच्या प्रभागातल्या नगरसेविका आल्या. त्यांचं नाव घेत नाही, घेतलेलं त्यांना आवडणार नाही. हातात शंभर पानी वही. सहा फुटांवर उभं राहून त्या प्रत्येक वर्गाला तेच चार प्रश्न विचारायच्या. ताप किती? पाणी आलं का? संडास साफ आहे का? घरून काय आणायचं आहे? उत्तर वहीत लिहायचं आणि पुढच्या खिडकीशी जायचं. संडासाला पाणी पुरत नव्हतं. ते सकाळी लिहिलं गेलं आणि संध्याकाळी टाकी आली.

तिसऱ्या दिवशी मुलाला पुन्हा ताप भरला. रात्रभर मी जागी होते. सकाळी त्यांनी विचारलं, "काय गो, झील कसो आसा?" आणि मी सगळं सांगून टाकलं, महाडपासून. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी कित्याक नाय सांगलंस?" एवढंच. त्यांनी वहीत लिहिलं, डॉक्टरांना फोन केला, स्वॅब घ्यायची व्यवस्था केली. शेजारच्या वर्गातल्या लोकांना दुसरीकडे हलवलं. का हलवतोय, हे त्यांना खरं खरं सांगितलं. आणि वाडीत जाऊन सांगितलं, की पोराला ताप आहे, तपासणी होते आहे, शाळेकडे कोणी यायचं नाही आणि घरात कोणाला ताप असेल तर तोही मला आजच सांगायचा. त्या दिवशी वाडीतल्या आणखी दोन घरांनी ताप सांगितला.

आमचा अहवाल निगेटिव्ह आला. साधा ताप होता. पण तो तसा नसता तर? शेजारच्या वर्गात एक सत्तरीचे आजोबा होते. एकाच टाकीचं पाणी आम्ही सगळे वापरत होतो. हा प्रश्न अजून मला सोडत नाही.

नंतर घरी आल्यावर मी साथींचा इतिहास वाचायला लागले. त्यात एक माणूस भेटला. तुमच्यापैकी जे मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमावरून जातात, त्यांनी त्याचा पुतळा पाहिला असेल. माझ्यासारखंच तुम्हीही मान वर करून नाव वाचलं नसेल. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. आपल्या किनाऱ्यानेच खाली गेलं की गोव्यातलं हडफडे लागतं, तिथे १८५६ साली जन्मलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, मुंबईत दवाखाना चालवत. आणि ते मुंबई महापालिकेचे सदस्य होते, म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत, गोदीजवळच्या धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, लोक तापाने मरायला लागले. जांघेत, काखेत गाठी येत. गोदामांत उंदीर मरून पडत होते. व्हिएगसांनी रोगी तपासले आणि सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. पालिकेच्या स्थायी समितीत त्यांनी हे नाव उघड उच्चारलं.

हे उच्चारणं सोपं नव्हतं. मुंबईत प्लेग आहे म्हटलं की परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार. कापूस, धान्य, सगळा व्यापार अडकणार. म्हणून पुष्कळांना तो 'संशयास्पद ताप'च असायला हवा होता. पुढे चौकशी झाली, वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईत आणलं गेलं आणि व्हिएगसांचं निदान खरं ठरलं. हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस वस्त्यांच्या सफाईसाठी आणि उंदीर मारण्यासाठी भांडत राहिले, आणि लस आल्यावर त्यांनी हजारो लोकांना ती टोचली. पिसवांमधून प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे नेमकी वाट कळायच्या आधीच हा माणूस योग्य जागी बोट ठेवून उभा होता. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले.

आता यात आपण कुठे आहोत ते सांगते. तेव्हाची मुंबई आठ लाखांची. त्यातले जवळजवळ निम्मे लोक काही महिन्यांत शहर सोडून गेले. गिरण्यांत तेव्हा सर्वांत जास्त माणूस रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि आपला देवगड तालुका तेव्हा रत्नागिरीतच होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे बोटींतून आणि पायी कोकणात परतलेल्या त्या माणसांत आपले पणजोबा असतील. त्यांनाही गावाच्या वेशीवर कोणी पदर तोंडाला लावून पाहिलं असेल. आणि त्यांनीही अंगातला ताप लपवला असेल, कारण सांगितलं तर सरकारी माणसं घरातून उचलून नेतील ही धास्ती होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. घरांत शिपाई शिरले, लोक बिथरले, रोगी लपवले जाऊ लागले. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा लागू झाला आणि त्याखाली मी त्या वर्गात बसले होते.

लोक ताप का लपवतात, याचं उत्तर मला त्या चौदा दिवसांत मिळालं. सांगितल्यावर आपलं काय होईल याची भीती असते म्हणून. खिडकीशी जी बाई रोज येत होती, तिने आदल्या दिवशी टाकी आणून दिली होती. म्हणून मला तिला सांगता आलं. नाक्यावरच्या बंदूकवाल्या थर्मामीटरला सांगता आलं नाही. आमच्या कामातही हेच असतं. प्रणाली बंद पडली की चूक कोणाची हे आधी विचारलं, तर पुढच्या वेळी कोणी चूक सांगत नाही. काय झालं, कधी झालं एवढंच विचारलं, तर रात्री दोन वाजताही माणूस फोन करून खरं सांगतो.

आज देवगड-जामसंड्याला नगरपंचायत आहे. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. पाणी, गटारं, कचरा, सार्वजनिक आरोग्य ही कामं राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनेच शहरांच्या हाती सोपवायची म्हणून लिहून ठेवली आहेत. पण आपण नगरसेवकाकडे कधी जातो? दाखला हवा असला की, रस्त्याचं डांबर निघालं की, किंवा वाढदिवसाचा फलक लावायचा असला की. साथ आली तर तुमच्या वहीत काय लिहिलेलं आहे, असं आपण त्यांना विचारत नाही.

आपल्याकडे साथी काही संपलेल्या नाहीत. पावसात शेतात उतरणाऱ्याला लेप्टो होतो. उंदराच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून अंगात जातं. दोडामार्ग, बांदा भागात काजूच्या बागांत माकडतापाने माणसं गेली. या दोन्हींत पहिले दोन दिवस 'साधा ताप असंल' म्हणण्यात जातात. व्हाळ तुंबलेला असतो, खळ्यामागे पिंप उघडं असतं आणि घरचा ताप घरातच राहतो.

म्हणून तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक, मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी. मे महिन्यात गावी आलात की आंब्याच्या पेटीआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा आणि एक प्रश्न विचारा, यंदा पावसाआधी काय केलंत? त्यांना कशाची गरज आहे तेही विचारा. आमच्या नगरसेविकांना वही स्वतःच्या पैशाने आणावी लागत होती. दोन, या मेळाव्याच्या वर्गणीतून काही रक्कम उरली आहे. कमान बांधायचा विचार चालू आहे असं कळलं. कमानीला माझा विरोध नाही. पण त्याआधी वाडीवाडीतल्या मराठी शाळांत बघून येऊ, संडासाला वाहतं पाणी कुठे कमी पडतं. तिथे टाकी बसवू. पुढच्या वेळी त्या वर्गात कोणाला राहावं लागेल हे आपल्याला माहीत नाही. पहिली टाकी माझ्याकडून.

ते सत्तरीचे आजोबा आज हयात आहेत. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले आणि नाक्यावर मी काय केलं ते त्यांना सांगितलं. त्यांना आठवतही नव्हतं कोणाच्या मुलाला ताप होता. त्यांनी चहा दिला, आणि जाताना मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला. आता तो त्यांच्या खांद्याला लागतो.