केफिरचा दाणा जगवा, वाढवा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



केफिर म्हणजे कॉकेशस डोंगरातल्या लोकांचे आंबवलेले दूध. त्याचे विरजण म्हणजे फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पांढरे दाणे. जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र वस्ती. दाण्यातूनच दाणा वाढतो. दाणे मेले की बियाणेच संपले!

मग वाढवायचे कसे? चमचाभर दाण्यांना पेलाभर ताजे दूध. तापवलेले असेल तर पूर्ण निवलेले. 24 तासांनी गाळा, लगेच नवे दूध घाला. उपाशी दाणा वाढत नाही. त्याला 20 ते 25 अंश मानवते. आपल्या वैशाखात भांडे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा, दूध घट्ट होताच गाळा. झाकण सैल असू द्या.

वाढलेले दाणे शेजारणीला द्या. आपले मेले तर तिच्याकडून परत मिळतील. ज्वारीचे बियाणे आपण असेच राखले ना?