मंगळाच्या आकाशाचे लेजर
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस मंगळावर काय बोलणार, असं जिन्यात दोघांनी विचारलंच. पत्रिकेतल्या मंगळावर बोलणार नाही, हे आधी सांगून टाकतो.

मंगळाच्या जमिनीपासून साधारण १३० किलोमीटरवर विजेने भारलेला एक थर आहे. सूर्याचे अतिनील किरण तिथल्या कार्बन डाय-ऑक्साइडवर पडतात, रेणूतून इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे आयन राहतो, ही जमा. इलेक्ट्रॉन परत आयनाला मिळतो, हा खर्च. प्रत्येक उंचीवर जमा-खर्च मांडून शिल्लक काढायची, याला शास्त्रज्ञ मॉडेल म्हणतात. मला ते लेजरच वाटतं. फार वर हवा विरळ, फार खाली किरणच पोचत नाहीत, म्हणून सर्वांत मोठी शिल्लक मधेच.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाआड गेलं. त्याच्या रेडिओ लहरींत पडलेल्या फरकावरून दिवसा एका घन सेंटिमीटरमागे सुमारे १ लाख इलेक्ट्रॉन निघाले. पण आयन कोणाचे, ते कळेना. काहींनी ऑक्सिजनचा सुटा अणू धरला, काहींनी रेणू. आणि दोन्ही पद्धतींनी आकडा जवळपास जुळत होता!

हे वाचलं आणि मला आमची शाखा आठवली. एका गृहस्थांचे पैसे त्याच नावाच्या दुसऱ्याच्या खात्यात पडले होते. ट्रायल बॅलन्स पैशाने जुळलेला, खाली सही माझी. सहा महिन्यांनी ते पासबुक घेऊन आले, तेव्हा कळलं. टॅली झाली की आम्ही निर्धास्त घरी जात होतो.

मंगळाचं पासबुक १९७६ साली वायकिंग यानांनी आणलं. उतरता उतरता त्यांनी आयन ओळखले. बहुतेक सगळे ऑक्सिजनच्या रेणूचे. म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडच्या नावाने झालेली जमा, सुट्या ऑक्सिजनशी गाठ पडताच दुसऱ्या खात्यात वळती होत होती.

खर्चाची बाजू तर आणखी गंभीर. हा आयन इलेक्ट्रॉनला मिळाला की फुटतो, त्याचे दोन अणू वेगाने उडतात. मंगळाची ओढ कमी, त्यामुळे काही कायमचे निघून जातात. २०१४ साली, आपलं मंगळयान पोचलं त्याच आठवड्यात, मेवन नावाचं यान तिथे गेलं ते ही गळती मोजायलाच.

प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा.