वाडा, हॉटेल आणि सुतार



सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उडाला. संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. ही जागरूकता वाड्यांच्या वाट्याला क्वचितच येते. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची १७१० सालची गढी २००७ मध्ये हॉटेल झाली. खाजगी मालमत्ता असल्यावर विचारायचे कोणी?

विचारायला हवे. कारण वाडा ज्या रीतीने उभा राहतो ती रीत लोकांची आहे, सरदाराची नव्हे. केम हे करमाळा तालुक्यातील कुंकवासाठी नावाजलेले रेल्वेस्थानकाचे गाव. या कोरडवाहू मुलखातील जुने धाब्याचे घर आणि सरदाराचा वाडा यांत फरक आकाराचा व कोरीवकामाचा, सांगाडा एकच. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचे मालवद. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचे मोजमाप खणांत व्हावयाचे. छपराचा भार लाकूड पेलते, भिंत केवळ आडोसा करते. भिंत खचली तरी घर उभे राहते, ते यामुळे. श्रीमंताच्या खांबाला परमुलखातून आणलेले सागवान, गरिबाच्या खांबाला बांधावरची बाभूळ किंवा लिंब, एवढाच भेद.

या बांधणीत दोष नाहीत असे नव्हे. पावसाळ्यापूर्वी मालवदावर मातीचा नवा थर पडत जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीखाली गेली. मातीत रचलेल्या रुंद भिंतींना आरपार बांधून घेणारे दगड नव्हते. त्या फुटून कोसळल्या. तथापि अनेक ठिकाणी पडलेल्या भिंतींच्या मधोमध लाकडी सांगाडा उभा होता. त्यातून घ्यावयाचा धडा भिंत सुधारण्याचा होता. लोकांच्या मनातून मात्र दगड, माती आणि लाकूड ही तिन्ही एकदमच उतरली.

हॉटेल करणारा मालक लाकडाचा भक्त असतो, पण बहुधा दर्शनी लाकडाचा. मालवद उतरवून तो सिमेंटचा स्लॅब घालतो. मग खांबांना काम उरत नाही, ते शोभेपुरते राहतात. चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा येतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजू लागते आणि वाळवीला वाट मिळते. चौकावर काच बसली की वर निघून जाणारी उष्ण हवा तेथेच अडकते आणि वीज खाणारी यंत्रे लावावी लागतात. ज्या चौकाने दोनशे वर्षे घर थंड ठेवले त्याला बेकार करून पगारी नोकर ठेवण्यासारखाच हा प्रकार! सोपा आणि माजघर तोडून प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडले की पाण्याचे नळ लाकडालगत धावू लागतात.

असे असले तरी पडक्या वाड्यापेक्षा नांदते हॉटेल बरे, हे मान्य करावे लागते. भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्यांचे दरवाजे आणि खांब सुटे होऊन शहरांतील दिवाणखान्यांत गेले आहेत. सार्वजनिक उपयोगाचा मार्गही होता. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, म्हणून पेशव्यांच्या मागेही तो वापरात राहिला. ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तो मात्र दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. शाळेचे स्मारक करताना शाळेची वास्तूच उरली नाही.

वाडे रयतेच्या सारावसुलीतून उभे राहिले. ते सुतारांनी, लोहारांनी, पाथरवटांनी बांधले आणि त्यांत वेठीचे श्रमही मुरले. हॉटेलच्या फलकावर नाव असते सरदाराचे. पर्यटनाच्या नावाने सवलती द्यावयाच्याच असतील तर त्या अटींवर द्याव्यात. भार लाकडावरच राहावा, गिलावा चुन्याचा असावा, कडीपाट उतरवून पुन्हा चढविणारे सुतार आसपासच्या गावांतले घ्यावेत, त्यांच्या हाताखाली मुले शिकावीत, मजुरी रोख आणि वेळेवर मिळावी, आणि सरदाराच्या नावाखाली त्या सुतारांची नावेही फलकावर कोरावीत.