हंगामाबाहेरचे सामने

महाविद्यालयांतील खेळ शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आटोपल्या आणि परीक्षा जवळ आल्या की मैदाने ओस पडतात, आणि अठरा ते बावीस या वयात, म्हणजे शरीर व कौशल्य यांची जडणघडण सर्वांत वेगाने होत असताना, विद्यार्थी खेळाडूला वर्षातले कित्येक महिने सामन्याविना काढावे लागतात. ही उणीव भरून काढण्याचे काम गावांनी आणि हौशी क्लबांनी आपल्या अंगावर घेतल्याची दोन उदाहरणे क्रीडेतिहासात विशेष लक्षणीय आहेत. त्यांतले एक अमेरिकेतल्या बेसबॉलचे आहे आणि दुसरे मुंबईच्या क्रिकेटचे.

बेसबॉल हा चेंडू-फळीचाच खेळ असला तरी त्यात चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो आणि तो टोलावल्यावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ठाणी, ज्यांना ‘बेस’ म्हणतात, क्रमाने गाठून धाव पूर्ण करावी लागते. मॅसॅच्युसेट्स राज्यात अटलांटिक महासागरात शिरलेल्या केप कॉड या चिंचोळ्या द्वीपकल्पावर गावागावांच्या संघांचे सामने 1885 पासून होत असल्याची परंपरा सांगितली जाते. 1923 मध्ये त्या सामन्यांना लीगचे, म्हणजे प्रत्येक संघाने इतरांशी खेळून गुण मिळवण्याच्या स्पर्धेचे, रूप आले. 1939 नंतर ती बंद पडली आणि महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये पुन्हा सुरू झाली. खरे वळण 1963 चे आहे. त्या वर्षी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने लीगला मान्यता दिली आणि गावकऱ्यांच्या संघांत देशभरातून आलेले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळू लागले. चॅटम, ऑर्लिअन्स, कोट्युइट यांसारख्या लहान वस्त्यांचे संघ तिथे आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. विद्यार्थ्याचा हौशी दर्जा टिकावा म्हणून त्याला खेळाचे मानधन दिले जात नाही. गावातले एखादे कुटुंब उन्हाळाभर त्याला आपल्या घरी ठेवून घेते. सामन्याला तिकीट नसते आणि खर्चाचा भार प्रेक्षकांच्या ऐच्छिक देणग्यांवर बराचसा निभावतो. 1967 च्या उन्हाळ्यात चॅटमकडून खेळणाऱ्या थर्मन मन्सन या विद्यार्थ्याची फलंदाजीची सरासरी .420 होती, म्हणजे हजार संधींमागे चारशे वीस यशस्वी फटके, आणि बेसबॉलमध्ये तीनशेची मजलही उत्तम मानली जाते. पुढे तोच न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाचा कर्णधार झाला.

या लीगचे महत्त्व मात्र बॅटच्या प्रश्नात सर्वांत स्पष्ट दिसते. लाकडी बॅट वारंवार मोडते आणि तिचा खर्च महाविद्यालयांना जड जातो, म्हणून 1974 पासून अमेरिकी महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली. आतून पोकळ असलेली ही बॅट हलकी असते, ती झपकन फिरते आणि चेंडू नेमक्या जागी लागला नाही तरी तो दूर जातो, त्यामुळे फलंदाजाच्या चुका झाकल्या जातात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी बॅटच सक्तीची असल्याने महाविद्यालयात धावांचे डोंगर रचणारा खेळाडू तिथे टिकेल की नाही, हे आधी कळण्याचा मार्गच उरला नव्हता. केप कॉडच्या लीगने 1985 मध्ये पुन्हा लाकडी बॅट स्वीकारली आणि व्यावसायिक संघांच्या पारख्यांना विद्यार्थ्याचे खरे मोल जोखण्याची जागा मिळाली. विद्यार्थ्याचा खेळ सोपा करण्याऐवजी अवघड करण्याचा हा निर्णय धाडसाचा होता, आणि लीगची आजची प्रतिष्ठा बव्हंशी त्याच निर्णयावर उभी आहे.

मुंबईत हेच काम पावसाने केले. पारशी संघातले नामवंत फलंदाज आणि 1911 मध्ये इंग्लंडचा दौरा केलेल्या भारतीय संघातले खेळाडू डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ 1948 मध्ये सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात, रविवारी खेळवली जाऊ लागली. इतर स्पर्धा थांबलेल्या असताना, न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर आणि गवत न कापलेल्या मैदानावर हे सामने होत. अशा मैदानावर जमिनीलगत मारलेला चेंडू गवतात अडतो, म्हणून फलंदाजाला उंच फटक्याचा धोका पत्करावा लागतो. खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी अचानक उसळतो, म्हणून बचावाचे तंत्र कच्चे असेल तर डाव दहा मिनिटांत संपतो. सात विभागांत वाटलेल्या या लीगमध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर 1984 मध्ये जॉन ब्राइट क्लबकडून प्रथम खेळला, यावरून तिची दारे किती लवकर उघडत, याची कल्पना यावी.

या लीगमधील माटुंग्याचा दादर युनियन स्पोर्टिंग क्लब केप कॉडच्या गावसंघांना सर्वांत जवळचा ठरतो. माधव मंत्री यांनी क्लबला घालून दिलेली आणि वासू परांजपे यांनी पुढे चालवलेली शिस्त, म्हणजे वेळेआधी मैदानावर हजर राहणे, पांढरा पोशाख स्वच्छ असणे आणि क्षेत्ररक्षणात आळस न करणे, ही तिथल्या मुलांना कोणत्याही प्रशिक्षणवर्गाइतकी उपयोगी पडली. मंत्री यांचे भाचे सुनील गावसकर, रामनाथ पारकर, दिलीप वेंगसरकर आणि संजय मांजरेकर हे या क्लबचे खेळाडू. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले गावसकर किंवा पोदार महाविद्यालयातले वेंगसरकर आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत समवयस्कांशी खेळत. क्लबमध्ये मात्र त्यांना नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, पंधरा-वीस पावसाळे पाहिलेल्या गोलंदाजांना तोंड द्यावे लागे. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत गावसकरांनी 327 धावा करून अजित वाडेकरांचा 324 धावांचा विक्रम मोडला आणि 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पदार्पणाच्या मालिकेतच चार कसोटींत 774 धावा केल्या. या यशाचे श्रेय विद्यापीठाच्या स्पर्धेइतकेच माटुंग्याच्या चिखलाला द्यायला हवे.

हीच रीत आपल्या भागात आणायची तर बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या लोणी भापकरसारख्या गावाला मुंबईचा पाऊस उसना मिळणार नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. इथला मोकळा काळ चैत्र-वैशाखाचा आहे. परीक्षा संपलेल्या असतात आणि बारामती, इंदापूरच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले गावी परतलेली असतात. गावाने खेळाडूचा भार उचलण्याची रीतही या भागाला नवी नाही, कारण यात्रेतला कुस्त्यांचा फड गावाच्या वर्गणीवरच भरत आला आहे आणि त्यात तालमीतला कोवळा मल्लही मुरलेल्या मल्लासमोर उभा राहतो. क्रिकेटमध्ये मात्र खेड्यांतील सुट्टीच्या स्पर्धा बहुतेक टेनिस बॉलवर, मोजक्या षटकांच्या आणि रोख बक्षिसांच्या असतात. त्यांतला उत्साह निर्विवाद आहे. परंतु टेनिस बॉल हा खेडेगावातला ॲल्युमिनियमच आहे, कारण त्याने झाकलेल्या उणिवा सीझन बॉलसमोर, म्हणजे कातडी आवरणाच्या कठीण चेंडूसमोर, जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या काही चेंडूंतच उघड्या पडतात.

म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील गावांनी, महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी आणि यात्रा समित्यांनी एप्रिल-मेमध्ये दर रविवारी सीझन बॉलवरची, मॅटिंगच्या खेळपट्टीवरची आणि गुणांवर चालणारी लीग सुरू करावी, प्रत्येक संघात विद्यार्थ्यांबरोबर जुन्या जाणत्या खेळाडूंनाही स्थान द्यावे, आणि बाहेरगावच्या मुलांची जेवणाची व मुक्कामाची सोय गावातल्या घरांनी करावी.