मनाचा पंचनामा

(कराड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबईची उपनगरे भयाने गोठली होती. फूटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचून कुणी अज्ञात इसम त्यांना ठार करीत होता. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखेने तपास केला आणि २७ ऑगस्टला रामन राघव हाती लागला. त्याने अनेक खुनांची कबुली दिली. लोकांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र एक अवघड प्रश्न तिथूनच सुरू झाला. हात कुणाचा, हे कळले होते. त्या हाताला चालवणारे मन शाबूत होते काय?

पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला निरीक्षणाखाली ठेवले आणि तो वेडा नसल्याचा अभिप्राय दिला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने मात्र शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. या मंडळाने पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास त्याच्याशी संवाद साधला आणि तो दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाने ग्रस्त असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. ‘वेडाचे सोंग घेतले की आरोपी सुटतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की हा माणूस अटकेनंतर मोकळा असा कधीच झाला नाही.

कायद्याची कसोटी वैद्यकशास्त्रापेक्षा कठोर आहे. नुसता मनोविकार पुरेसा नाही. कृत्य करताना आपण काय करीत आहोत, ते चूक किंवा बेकायदेशीर आहे, हे समजण्याची शक्ती आरोपीपाशी नव्हती, असे दाखवावे लागते. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ हेच सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ तेच सांगते. तज्ज्ञ आपले मत देतो. निर्णय न्यायाधीशाचा असतो.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. २००८ साली तेथील सत्र न्यायालयाने एका विषप्रयोगाच्या खटल्यात अन्य पुराव्याबरोबर मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला तारा लावून आरोपीला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची. तिने तोंडातून शब्दही काढायचा नाही. ‘अनुभवाची आठवण’ आहे की नाही, ते यंत्राने सांगायचे! आरोपींना जन्मठेप झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीला ही पद्धत शास्त्राच्या कसोटीवर उतरलेली आढळली नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निःसंदिग्ध निकाल दिला : संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा होत नाही. तिच्यातून मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढी माहिती ग्राह्य ठरू शकते.

आपल्या परंपरेला हा विवेक नवा नाही. गुन्हेगाराकडून सत्य काढण्याच्या कठोर उपायांचे वर्णन करणाऱ्या कौटिल्यानेही अर्थशास्त्रात बालक, वृद्ध, रोगी आणि उन्मत्त यांना त्यातून वगळले होते.

मग या तज्ज्ञांचे खरे काम कोणते? यंत्राच्या झगमगाटापेक्षा ते शांत आणि कष्टाचे आहे. आरोपी खटला समजून घेण्यास समर्थ आहे काय, हे पाहणे. अत्याचारग्रस्त बालकाला पुन्हा पुन्हा तीच जखम उघडावी लागू नये, याची काळजी घेणे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा बालकांना मानसिक आधाराची वाट मोकळी केली. फाशीसारखी शिक्षा ठरविताना आरोपीचे बालपण, आजार, सुधारण्याची शक्यता यांचा अहवाल देणे. २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा मूल्यमापनाचा आग्रह धरला.

आता आपल्या कृष्णा-कोयनेच्या काठाकडे वळू. खेड्यात एखाद्याचे डोके बिघडले, की घरचे लोक प्रथम देवऋषी गाठतात. वर्षे निघून जातात. उद्या त्याच्या हातून आक्रीत घडले, तर न्यायालय विचारते, ‘पूर्वी उपचार झाल्याचा कागद आहे काय?’ वेडाचा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने आरोपीवर आहे आणि कागद तर कुठेच नसतो. साऱ्या गावाला ठाऊक असलेला आजार न्यायालयात अज्ञात ठरतो. त्याआधी वेळीच उपचार झाले असते, तर कदाचित एक जीवही वाचला असता.

म्हणून आरंभ न्यायालयात नव्हे, घरात करावयाचा आहे. आजाऱ्याला वेळेवर डॉक्टरकडे न्या, लाज बाळगू नका, कागद जपून ठेवा. याच जिल्ह्यातील माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेपुढे न्याय वाकू दिला नाही. संतापलेल्या जमावापुढेही तो वाकता कामा नये. मयताच्या आप्तांना न्याय हवाच. तो खऱ्या गुन्हेगाराला, त्याच्या खऱ्या अपराधाएवढाच मिळाला, तरच तो न्याय.