मळ गेला कुठं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



केळझरच्या शाळेत मी मागच्या बाकावरचा. सातवीत विज्ञानाच्या सरांनी फुटक्या माठात खडी, वाळू आणि कोळशाचे थर रचले होते. वरून गढूळ पाणी ओतलं, खालून नितळ आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी मला विचारलं, "मळ गेला कुठं रे?" मी म्हणालो, "नाहीसा झाला." सरांनी माठातली ओली वाळू माझ्या ओंजळीत ठेवली. हात बरबटले आणि वर्ग हसला.

आज माझं काम त्याच माठाचं आहे. फक्त मळ डोळ्यांना दिसत नाही. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे, आग विझवायचा फेस यांत कार्बन आणि फ्लोरिन घट्ट जोडलेली रसायनं वापरली गेली. हा बंध इतका पक्का, की ती निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत. पाणी उकळूनही जात नाहीत. अमेरिकेने 2024 मध्ये त्यातल्या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ठरवली: लिटरमागे 4 नॅनोग्रॅम. म्हणजे एक लाख कोटी भागांत चार भाग!

ती पकडण्यासाठी मी करवंटीच्या कोळशापासून एक पदार्थ केला. शुद्ध पाण्यात तो उत्तम चालला. मग मी घरच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेलं, त्यात ते रसायन मिसळलं आणि पुन्हा तपासलं. निकाल निम्म्यावर आला. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि कुजलेल्या पाल्याचे अंश कोळशातल्या जागा आधीच अडवून बसत होते. दोन वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. भरलेला कोळसा टाकायचा कुठे? जमिनीत पुरला, तर पावसाबरोबर ते रसायन पुन्हा झिरपू शकतं. हा पेच आपल्याला नवा नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही विहिरींत फ्लोराइड जास्त आहे. त्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने 1970च्या दशकात तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत विकसित केली. पाणी पिण्याजोगं होतं, पण फ्लोराइड तळाच्या गाळात उरतं. तो गाळही सांभाळावा लागतो.

2025 मध्ये अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह तांबं आणि ॲल्युमिनियमचा थरांचा पदार्थ वापरून हे रसायन फार वेगाने पकडलं. नंतर तो कॅल्शियम कार्बोनेटबरोबर, म्हणजे आपल्या चुनखडीतल्या घटकाबरोबर, तापवून पकडलेल्या रसायनातलं निम्म्याहून जास्त मोडून टाकलं. पूर्ण नाही, पण वाट योग्य आहे.

सकाळी चहा घेताना एक मित्र म्हणाला, "आपल्या गावासाठी तुझं एक यंत्र बसव ना बे." मी आज नाही म्हणालो. त्याला वाईट वाटलं, मलाही. पण भरलेला कोळसा मोडायची सोय झाल्याशिवाय तो गावात आणणं म्हणजे विहिरीतला मळ शेताच्या बांधावर नेऊन ठेवणं.

सर, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. पण तुमचा प्रश्न मी रोज प्रयोगशाळेत विचारतो.